शंभरातले बावन्न

ट्रॉन्डहाइमला नोव्हेंबरात तीन वाजताच दिवस मिटतो.
एल्ब्योर्ग तळघरात उतरते,
हातात चिमटा, डबीत एक सुई,
जिचं टोक तिला स्वतःलाही दिसत नाही.

धातू फेरीबोटीच्या शिडीचा.
गेल्या हिवाळ्यात क्रिस्तियानसुनजवळ शिडी वाकली.
कुणी पडलं नाही. तरी कंपनीला आकडा हवाय :
भट्टीत हे किती मुरलं होतं?
कमी मुरलं तर कच्चं.
जास्त मुरलं की आतले कण फुगतात,
एकमेकांपासून दुरावतात,
आणि धातू मऊ पडतो, वरून तसाच चकचकीत.

उणे दोनशे वीस. पूर्ण निर्वात.
विजेचा दाब वाढवत न्यायचा, घाई न करता.
सुई एकेक अणू सोडू लागते.
पोहोचायला किती वेळ लागला, त्यावरून ओळख पटते :
बाराच्या घरात मॅग्नेशियम,
चौदाच्या घरात सिलिकॉन,
सत्तावीसला ॲल्युमिनियम. तो तर सगळीकडेच,
लग्नघरातल्या शेजाऱ्यासारखा.

घोळ इथेच आहे.
कणाच्या आतही तो दिसतो.
तो घरचा, की गर्दीत आत ढकलला गेलेला?
तोरमोद म्हणतो, घरचाच. पाच, दोन, चार,
दहा वर्षं त्याने हाच हिशेब मांडलाय.
एल्ब्योर्ग काही बोलत नाही.
कणाची हद्द अणूभर इकडे सरकवते,
मग अणूभर तिकडे.
उत्तर दर वेळी जरा वेगळं.

शिवाय शंभरातले बावन्नच पोहोचतात.
बाकीचे वाटेतल्या जाळीवर आपटतात,
त्यांची नोंद नाही.

तिचे वडील, आस्मुन, सुन्दालस्योराच्या भट्टीवर होते.
एकतीस वर्षं.
आवाज ऐकून सांगायचे, आज पाचवी रुसलीय.
त्या वर्षांतलं तिच्यापर्यंत पोहोचलं ते :
डब्याचं झाकण,
मनगटावरचा भाजल्याचा डाग,
आणि 'बरं चाललंय' हे दोन शब्द.
भावाकडे पोहोचलेलं वेगळंच.
दोघांनी ते कधी एकत्र मांडून पाहिलं नाही.

पहाटे चार वीसला सुई तुटली.
चाळीस लाख अणू, पुरेसे.
ती आकडा लिहिते, त्याच्यापुढे अधिक-उणे,
अधिक-उणे जरा मोठंच ठेवते;
तोरमोद कुरकुरेल.

अर्जात शेवटचा रकाना असतो :
नमुना परत पाठवायचा का?

ती लिहिते,
उरला नाही. मोजून झाला.