बोवाइन

दुकान रविवार पेठेत, बोहरी आळीच्या तोंडाशी.
त्र्याहत्तर साली फ्रीज घेतला तो औषधांसाठी,
घरी पाणी माठातलंच.
दारात इन्शुलिनच्या बाटल्या,
खोक्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत: बोवाइन.

हुकमीचंद सुराणा कांदासुद्धा खात नसत.
चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी खोकं उजेडात धरलं,
"हे बोवाइन काय हो, खळदकर?"
मी गोळ्या मोजत होतो.
म्हटलं, "कंपनीचं नाव असावं."

बावीस वर्षं त्यांनी ते नाव मांडीत टोचून घेतलं.
पर्युषणात उपास केले, साखर सांभाळून.
फकरुद्दीनभाई काचवाला विचारायचे, "डुक्कर नाही ना?"
"नाही," मी म्हणायचो.
त्या एका गिऱ्हाइकाशी मी खरं बोललो.

मग नवी खोकी आली. वर लिहिलेलं: ह्यूमन.
सुराणा हादरले. "माणसाचं? कुठल्या माणसाचं?"
या वेळी मी माहितीपत्रक वाचून ठेवलं होतं.
कुणाचंच नाही शेठजी, माणसाच्या अंगात कृती लिहिलेली असते,
तिच्यातली एक ओळ उतरवून जंतूच्या पोटात चिकटवली,
तो आपला वाचतो आणि रांधतो.
सुराणा बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "आणि काम झाल्यावर त्या जंतूंचं काय करतात?"

माहितीपत्रकात तेही होतं.
मी सुट्टे पैसे शोधू लागलो.

परवा त्यांची नात आली, निर्जरा. पाषाणला प्रयोगशाळेत असते.
बिलाच्या पाठीवर माझ्याच पेनानं तिनं शिडी काढली, पिळलेली,
एका पायरीवर फुली मारली.
आता ओळ दुसऱ्याच्या पोटात नेऊन ठेवायला नको, काका,
जिथली तिथेच दुरुस्त करता येते.
कात्रीसुद्धा जंतूंचीच.
(आधी त्यांना राबवलं, आता त्यांची हत्यारं घेतली.
हे मी मनात म्हटलं.)
पिंपरीतला एक मुलगा, वय नऊ,
दर वीस दिवसांनी दुसऱ्याचं रक्त घेतो.
"त्याला काय सांगू? थांब म्हणू?"
मला उत्तर आलं नाही. अजून येत नाही.

मग तिची नजर माझ्या डाव्या हाताकडे गेली.
सहा बोटं. वडिलांना होती, त्यांच्या वडिलांना होती म्हणतात.
वधूवर मंडळाच्या फॉर्मवर मी 'निर्व्यंग' लिहिलं
ते उजव्या हातानं.
मुलाचं सहावं बोट बारशाआधीच दोऱ्यानं आवळलं,
सुकून गळालं, तुळशीत पुरलं.
त्याला कुणी विचारलं नाही. विचारणार कसं?
"हेही गर्भातच निस्तरता येईल कधीतरी," ती म्हणाली,
"म्हणजे पुढे कुणालाच नको."
पुढे कुणालाच.
माझा दोरा एका पोराच्या एका बोटाला होता,
हिचा नातवाच्या नातवालाही काचणार
आणि गाठ कुणी मारली ते त्याला कळणार नाही.
चाळीस वर्षांत चिठ्ठीशिवाय मी झोपेची गोळी दिली नाही.
चिठ्ठीवर नाव लागतं, वय लागतं.
इथे पेशंटचं वय शून्याच्या अलीकडे.

निघताना तिला गल्ल्याशेजारचं जुनं खोकं दिसलं,
मी त्यात रबरबँड ठेवतो.
"बोवाइन," तिनं वाचलं. हसली नाही.
"आजोबांनी दुसऱ्याच आठवड्यात शब्दकोश पाहिला होता."

मी म्हटलं, मग बावीस वर्षं...?

"म्हणायचे, घ्यावं तर लागणारच.
निम्मं पाप खळदकरांच्या खात्यावर मांडलंय."

ती गेल्यावर एका बाईंच्या तीस गोळ्या मोजायच्या होत्या.
तीनदा मोजल्या.
एकदा एकोणतीस भरल्या, एकदा एकतीस.
तिसऱ्यांदा काय आलं ते न बघता पुडी बांधली,
मग सोडली,
आणि पुन्हा पहिल्यापासून.