नावाला आठ अक्षरं

दोंडाईच्यात मिरचीच्या गोदामावर
कोठावदे सरांचा कॉम्प्युटर क्लास होता.
खाली पोतं उलटलं की वर सगळे शिंकायचे,
आणि स्पेसबार लाल भुकटीनं अडकायचा.
टायपिंगचा तास संपला, सर जेवायला गेले
की तिसऱ्या मशीनवर
आम्ही भुयारात उतरायचो.

चौघं लागत. नावाला आठच अक्षरं, तीही इंग्रजी.
मी तलवारवाला, कारण कीबोर्ड माझ्यापुढे.
मुमताज पिंजारी जादूगार:
डिक्शनरी तिची होती,
आणि मंत्राचं स्पेलिंग चुकलं
तर आग आपल्याच अंगावर यायची.
वैद्य कुणालाच व्हायचं नव्हतं,
ते काम सरांना दिलं, न विचारता.
कोठावदेतला शेवटचा ई मावला नाही,
म्हणून नुसतेच कोठावद
आमच्यामागून चालत, जखमा बांधत,
फीचा विषय न काढता.

भटू चोर.
कुलपं त्यानं उघडायची, सापळे त्यानं हुंगायचे.
"चोरच का, भो?" म्हणाला एकदा.
मग चोराला अंधारात दिसतं म्हटल्यावर
खुर्ची पुढं ओढून बसला.

नकाशा मी चौकटीच्या वहीत काढायचो,
पावलाला एक चौकोन.
बाहेर सेहेचाळीस, पत्रा तडतडायचा,
आणि आत, चार रंगांच्या त्या भिंतींतून,
पाणी झिरपत असायचं.
राक्षसांचं सोडा,
त्या ओलीसाठीच मी जात असेन.

त्या दिवशी भटू आला नव्हता,
काकाच्या ट्रकवर पोती मोजायला गेला होता.
सातव्या मजल्यावर दगडी दार लागलं.
दारावरची ओळ मुमताजनं बोट ठेवून लावली:
एकानं साखळी ओढून धरायची,
बाकीच्यांनी आत जायचं.
साखळी सोडली की दार बंद.
कोण राहणार?
चार नावं, शेजारी लुकलुकता बाण.

"उद्या विचारू त्याला," मुमताज म्हणाली.
लाइट दोनला जायची.
दोनला सात मिनिटं होती.
मी बाण खाली नेला.

दुसऱ्या दिवशी भटू आला, भुवयांवर लाल धूळ.
"मी कोठे शे?"
"पुढं गेलायस. टेहळणीला."
मुमताजनं डिक्शनरीत तोंड घातलं,
कुठला शब्द शोधत होती कोण जाणे.

जूनमध्ये सरांनी मशीनं विकली.
मुमताज आता नंदुरबारला कोर्टात स्टेनो आहे,
अजून तिचं स्पेलिंग चुकत नाही म्हणे.
भटू मिरचीतच.
लग्नाबिग्नात भेटला की मोठ्यानं ओरडतो,
"काय भो, मी आजून पुढेच का?"
लोक हसतात. मीही.

परवा तो खेळ पुन्हा मिळाला.
तेव्हा अख्खं टेबल लागायचं,
आता बोटाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये शंभरदा मावतो.
तीच चौघं केली. कोठावदचा ई याही वेळी राहिला.
वही नव्हती, पण वळणं हाताला पाठ होती.
सातव्या मजल्यावर येऊन
त्या दारापुढं तीन रात्री
नुसता बसलो.

मग भटूला फोन लावला आणि सांगून टाकलं,
सात मिनिटांसकट.

"माले माहीत व्हतं," तो म्हणाला.
"तू पानी पेवाले गया, तवय मी यादी दखी.
तीनच नावं व्हतात."
मागं लिलाव चालला होता. कुणीतरी शिंकलं.
"पन दरवाजा उघडना का?"

उघडला होता.
पलीकडे तसाच बोळ, तेच चार रंग,
डावीकडे एक रिकामी पेटी.
"उघडला," मी म्हणालो.
"मंग चांगलं."
आणि जरासा थांब म्हणून
पोत्याच्या वजनावरून तो कुणाशी तरी भांडू लागला,
बराच वेळ, साडेतीन किलोसाठी.

मी फोन धरून राहिलो.