दहा नंबरचा पाना

तोबोल नदीच्या काठी, बाजाराच्या मागच्या गल्लीत
एकवीस वर्षं मी सायकली दुरुस्त करतो.
हिवाळ्यात गिऱ्हाईक नसतं,
मग भिंतीवर टांगलेल्या चाकांच्या तारा वाजवत बसतो.
सैल तार बोदा आवाज करते, ताठ तार टणक.
लोक म्हणतात, फानिस हाडाचा मेकॅनिक आहे.

हल्ली हा शब्द मी जपून ऐकतो.

सारिया एकोणीसची.
बर्फावरून घसरलेल्या लाकडाच्या ट्रकने
तिला कुंपणाशी दाबलं.
नडगीचं हाड. आधी प्लास्टर,
मग पट्टी आणि स्क्रू,
मग पू.
दोन वर्षं. तीन इस्पितळं.
शेवटी अग्लाया त्रोफिमोव्हना म्हणाल्या,
"सडलेलं काढून टाकू. सत्तेचाळीस मिलिमीटर."
आणि दोन बोटांत अंतर धरून दाखवलं,
काडेपेटीहून जरासं कमी.

"त्या पोकळीत मग काय भराल?"
"काही नाही. गुडघ्याखाली हाड कापून एक तुकडा मोकळा करू.
तो चालत जाईल."

चालत. मुलगी अजून खाटेवरून उतरली नव्हती.

शस्त्रक्रियेनंतर पाहिलं: पायाभोवती पोलादी कड्या,
कड्यांतून मांसातून आरपार तारा, ताणून बसवलेल्या.
नर्स वळली तशी मी एकीला नखाने टिचकी मारली.
सूर बरोबर होता.
कोणीतरी माझ्या मुलीच्या पायाभोवती चाकं बांधली होती,
आणि मधला आस
दुखत होता.

घरी सोडताना बाईंनी हातात दहा नंबरचा पाना ठेवला.
मी म्हणालो, माझ्याकडे सहा आहेत.
त्या हसल्या नाहीत.
"सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा.
दर वेळी पाव फेरा. दिवसाला एक मिलिमीटर.
घाई केलीत तर मागे काहीच उगवणार नाही,
आळस केलात तर वाटेतच जुळून बसेल."

जन्मभर नट आवळले, वस्तू हलू नये म्हणून.
हा आवळायचा, हलावी म्हणून.

पंधरा दिवसांनी फिल्म उजेडापुढे धरली.
तुकडा जिथून निघाला तिथे, मागे,
धुरकट काहीतरी होतं,
ऑक्टोबरात गोठण्याआधी नदीवर असतं तसं.
"हे काय?"
"हाड," बाई म्हणाल्या, "अजून त्याला माहीत नाही."

तेविसाव्या रात्री सारियाने उशीचा अभ्रा दातांत धरला.
एती, म्हणाली (आमच्यात बापाला एती म्हणतात),
एती, आजची रात्र सोड.
मी पाना लावला.
आणि उलटा फिरवला.
पाव.

ती झोपली.
मी उजाडेपर्यंत हात मांड्यांखाली दाबून बसलो.

सकाळी तडक इस्पितळात. टोपीही न काढता कबूल केलं.
चोराला असतं तसं तोंड कोरडं.
बाईंनी फिल्म पाहिली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिली.
"एक दिवस थांबा. मग पूर्वीसारखं."
दारापर्यंत पोचलो तर मागून म्हणाल्या,
"रात्रीची गोळी बाराला देता? अकराला देत जा."

इतकंच.
हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं,
आणि मीही विचारलं नव्हतं.

तुकडा मार्चमध्ये पोचला. खालच्या हाडाला टेकला.
हिशेबाने सत्तेचाळीस दिवस,
आम्हाला साडेअठ्ठेचाळीस लागले.
वरचा दीड दिवस माझा.
सारिया म्हणते, तिचा.

आता धुकं घट्ट व्हायची वाट पाहायची, सहा महिने, कदाचित आठ.
कड्या पायात तशाच. कुबड्या घेऊन ती दुकानात येते,
ट्यूब बुडवायच्या पाण्यात बुडबुडे शोधते,
माझ्याआधी सापडतात तिला.
नटाला हात लावायचा नाही, बाईंनी बजावलंय.

तरी रात्री बाराला जाग येते.
हात उशाशी चाचपत राहतो.
पाना दुकानात आहे, खिळ्याला टांगलेला,
इतर सहांपासून वेगळा.