बर्डीवरची सालं

रात्री दहाला बसंता ज्यूसवाला फडकं पिळतो
आणि माझं पोतं पायानंच पुढे सरकवतो.
"घ्या ताई, लेकराइचा खाऊ."
आत दिवसभरातल्या संत्र्यांची सालं,
ओली, थोडी चिकट.
स्कुटीवर गुडघ्यांत धरून उमरेड रोडनं दिघोरी गाठेपर्यंत
सिग्नलवरचा एखादा हेल्मेटवाला
काच वर करून वास घेतो.

लेकरं म्हणजे झिंगे.
मांढळच्या पुढे, काकांच्या ठेक्यातल्या तळ्यात
जुलैत अठरा हजार सोडले.
मोजले नाहीत, पिशव्यांवरच्या आकड्यावर
विश्वास ठेवला.

गेल्या वर्षीचे कात टाकतानाच गेले.
पहाटे काठाला लागलेले,
अंग साबुदाण्यासारखं पांढरं, निळे चिमटे सैल.
दुकानदारानं एक पावडर दिली होती,
डब्यावरचं लेबल नखानं खरवडलेलं.
रेवनाथकाकांनी झाकण उघडलं, हुंगलं, लावलं.
"हे जनावराले देवाचं का माणसाले,
एवढं तरी विचारून ये."
मी विचारायला गेले नाही.
डबा आहे अजून. खिळे ठेवते त्यात.

यंदा ऑक्टोबरचं ऊन गच्चीवर फुकट मिळालं.
सालं आधी वाकली, मग कडक झाली,
मग हातात घेतली की वाजू लागली.
शेवग्याचा पाला सावलीतच वाळवायचा,
हे आईला माहीत होतं, मला शिकावं लागलं.
हळद आंबेकुहीची, एका मैत्रिणीच्या घरची.
लसणासाठी भांडण झालं,
कारण भाव.

दळायला इतवारीत गेले.
धन्नालालजींच्या चक्कीवर
पाटीच आहे, ठळक: मिरची, मसाला, मांसाहारी काही नाही.
त्यांनी चिमूट घेतली, दोन बोटांत चोळली.
"इसमें मछली तो नहीं?"
नाही जी, सगळा पालाच.
"वा. चूर्ण आहे. पोटासाठी?"
पोटासाठीच.
"कोणाच्या?"

पट्टा फिरत होता. मागे एक बाई
गव्हाचा डबा घेऊन उभी.
पाण्यातल्यांच्या, मी म्हटलं.

धन्नालालजींनी चष्मा काढला,
त्याच्यावर बसलेलं पीठ पुसलं,
पुन्हा घातला.
"जगवायला ना?"

हो.
हो म्हणताना मी खोटं बोलले नाही.
जगवायलाच.
जानेवारीपर्यंत तरी.

त्यांनी दळून दिलं.
मग पाटे साफ करायला अर्धा किलो चणा टाकला
आणि चण्याचे पैसे माझ्याकडूनच घेतले.

किलोभर खाद्याला पाच ग्रॅम,
हे सातव्या खेपेला जमलं.
आधी दहा घातले तर ते गोळी धरायचे,
फिरवायचे, सोडून द्यायचे,
माझ्या पोराला कारलं वाढल्यासारखे.

आज सहा आठवडे झाले.
रात्री काका दोरी ओढतात, परात वर येते, रिकामी.
दोन झिंगे तिच्यातच राहिलेत,
पाठीतून डोक्याकडे जाणारी काळी रेघ
भरलेली, कुठेही तुटलेली नाही.
काठाजवळ, कवेलूच्या खाली
नुकतीच कात टाकलेला एक बसलाय,
भिजलेल्या कागदाइतका मऊ.
या घटकेला त्याला कुणीही खाऊ शकतं,
त्याचे भाऊसुद्धा.
मी अजून एक कवेलू त्याच्या बाजूला ठेवते.

"पाल्यानंच वाचले म्हणते तू?"
माहीत नाही, काका. पाणीही यंदा बरं आहे.
"मंग लिहून ठेव, पाणीही बरं होतं."
लिहिते. मेलेले चार, तेही लिहिते.

टॉर्च फिरवला की तळ्यात
डोळेच डोळे पेटतात, लालसर, जोडीजोडीनं.
काका बराच वेळ पाहत राहतात.
"यायच्या रश्शाले संत्र्याचा वास येईन का वं?"

मी टॉर्च बंद करते.
उद्या बसंताचं पोतं धुऊन परत द्यायचंय.