मुकुट उसवताना

पोलीस ठाण्यातून एकशे चाळीस शर्ट आले,
साखरेच्या गोणीत कोंबलेले. सोबत चिठ्ठी:
बाहीवरचे मुकुट काढावेत,
खालचं कापड फाटू नये,
नगाला दोन डॉलर.

मी मोजून घेतले. एकशे अडतीस भरले.
राज्य बदललं तरी सरकारी मोजणी
चुकायची तेवढी चुकतेच.

मध्यरात्री राणीचा झेंडा उतरला
तेव्हा मी इथंच, मशीनपाशी,
रेडिओ लावून. चुलीवर उडत्या माशाचा रस्सा.
तोफा वाजल्या. शेजारचं कुत्रं माझ्या पलंगाखाली शिरलं.
त्याला बाहेर काढेपर्यंत रस्सा तळाला लागला.
माझं प्रजासत्ताक एवढंच, खरं सांगायचं तर.

मुकुट यंत्रावर भरलेले,
विलायतेतल्या कुठल्याशा कारखान्यात.
मागच्या गाठी मला कळतात:
ती बाई डावखुरी असणार,
तिला जेवायला अर्धाच तास असणार,
हे बेट तिनं नकाशातही पाहिलं नसणार.
तिच्याशी माझं वैर नाही,
पण गाठी मारल्यात कशा, मेलीनं.

थोरली आयोना बासष्ट साली बोटीत बसली.
मी अकराची. तिचा कोट मीच टाचला होता, वेडावाकडा.
लंडनच्या बसगाड्यांना कंडक्टर हव्या होत्या.
तिकिटाचे पैसे आगाऊ मिळाले,
मग आठवड्याच्या आठवड्याला पगारातून कापून गेले.
आवतण त्यांचं, खर्च पाहुणीचा.
चाळीस हिवाळे तिनं लोकांना त्यांचे थांबे सांगितले,
आणि म्हातारपणी एक पत्र आलं:
आपण या देशात राहत होता, याचा पुरावा द्या.
आयोनानं गुडघ्याचा एक्स-रे पाठवला.

माझं घर लाकडी, दगडांच्या ढिगावर नुसतं टेकलेलं.
पाया नाही. आजोबांच्या वेळी जमीन मळेवाल्याची;
त्याचं डोकं फिरलं की भिंती सोडवायच्या,
बैलगाडीत घालायच्या, दुसऱ्या माळावर उभ्या करायच्या.
आता जमीन माझ्या नावावर आहे. कागद पेटीत आहे.
तरी वादळाच्या महिन्यांत
रात्री उठून मी खिळे चाचपते.

तर पहिला मुकुट निघाला,
आणि बाहीवर तो तसाच.
दोरा नाही, पण आकार आहे.
भोवतीचं कापड उन्हानं विटून राख झालेलं,
आणि मुकुटाखाली, ऊन पोचलं नाही तिथं,
निळा.
नुकत्या फाडलेल्या थानासारखा निळा.

मी लिंबू लावलं. साबण लावला. ब्रशनं घासलं.
मग हसू आलं माझं मलाच.
डाग असता तर गेला असता.
अख्ख्या शर्टात
तेवढंच तर मूळचं कापड होतं.

सार्जंट ब्लॅकेट नवे बिल्ले घेऊन आला.
त्रिशूळ. दिसायला झोकदार,
पण बोटभर लहान. कडेनं मुकुट डोकावतो.
त्यानं बाही दिव्याखाली धरली, उलटी केली, सुलटी केली.
म्हणाला, ‘ऊन करील काम, मिस यूडीन. दोन वर्षं.’
‘तीन,’ मी म्हटलं. ‘तुम्ही सगळे सावलीत उभे राहता.’

उसवलेले मुकुट बरणीत भरले.
आयोनाचा फोन आला तेव्हा सांगितलं.
ती म्हणाली, ‘एक मला पाठव.’
‘कशाला गं?’
बराच वेळ नुसती तिकडची केटली ऐकू आली.
‘राहू दे घरात. पुन्हा विचारायला आले, तर.’

टपालाला साडेचार डॉलर पडले,
म्हणजे दोन मुकुटांची मजुरी आणि वर पन्नास सेंट.
मी दोन पाठवले.