एकशे पंच्याऐंशी, पासष्ट, पंधरा

आर्णीच्या बायपासला, जिनिंगच्या भिंतीला लागून
इलियासभाईंचं दुकान.
बाहेर टायरांची चळत, चळतीवर एक कोंबडी,
आणि तापल्या रबराचा तो वास
जो घरी गेल्यावरही ओढणीतून जात नाही.

एक रुपयाचं नाणं ते खाचेत उभं धरतात.
"संपले जी मॅडम. पावसाळा नाही निघत याच्यात."

ठाऊक होतं मला.
लोणबेहळच्या वाटेवर टँकर सांडून गेला होता,
तेवढ्याशा काळ्या चिखलात
गाडी आडवी झाली, दावं ओढणाऱ्या गोऱ्ह्यासारखी.

"थे रुंदवाले टाकून द्या. गाडी कशी दिसन पाहा!
मागून पाहणारा म्हणन, डॉक्टरीणबाई चालली."
इलियासभाई, माझे पेशंट चार पायांचे.
मागून पाहण्याचं काम तिथं माझ्याकडे असतं.

मला तोच आकडा हवा,
दाराच्या आतल्या चिठ्ठीवर छापलेला:
एकशे पंच्याऐंशी, पासष्ट, पंधरा.
पुढे भाराचे अठ्ठ्याऐंशी, त्याहून कमी नको,
कारण मागच्या सीटखाली बॅटरी झोपलेली आहे
आणि डिकीत नायट्रोजनचं कॅन,
ज्यात पुढच्या वर्षीची वासरं
उणे एकशे शहाण्णववर
आपल्या पाळीची वाट पाहतात.
आणि असा टायर हवा
जो रस्त्याला धरेल, पण अडून बसणार नाही.

गाडीसोबत मला एक वही मिळाली होती.
वरोऱ्याचे देवतळे सर, भूमापनातून रिटायर,
त्यांनी किल्लीच्या आधी वही दिली.
तारीख, लिटर, किलोमीटर. समासात बारीक अक्षरात
"हिंगणघाटपर्यंत वारा समोरून."
एका पानावर: "चारही टायर बदलले. स्वस्त पडले."
त्याखाली आकडा चोविसावरून एकवीस,
एकवीस, एकवीस,
"बॅटरी गेली काय?" असं तीनदा लिहिलेलं,
आणि आठ महिन्यांनी, खाली रेघ मारून:
"नाही. टायरच."

दुकानातूनच फोन लावला.
"आता किती देते?" त्यांनी आधी हेच विचारलं.
साडेचोवीस, मी जरा तोऱ्यातच सांगितलं.
पलीकडे कूलरची घरघर.
"मग संपत आले असतील.
झिजलेला टायर हलका पळतो, बाई.
फुटायच्या आधी सगळ्यात गोड आकडा देतो.
त्यात तो घासून लहान झालेला,
किलोमीटरमागे चार गिरक्या जास्त घेतो,
मीटर बिचारं त्या गिरक्याच मोजतं."

म्हणजे वर्षभर मी वहीत
थोडं झिजणंच नफा म्हणून मांडत होते.

माप जुळणारे, लेबलवर चार तारे असणारे
यवतमाळहून यायला तीन दिवस लागले.
पाच ताऱ्यांचेही होते. ओल्या रस्त्याला कच्चे, म्हणून नको म्हटलं.
पेट्रोल वाचवून
नाल्यात उतरायचं नव्हतं.
हवा मीच मोजली. इलियासभाईंचा पोऱ्या
"ट्रकले पण एवढं कोणी नाही पाहत" म्हणाला
आणि हसत हसत व्हॉल्व्हची टोपी शोधू लागला.

परत येताना दिवस बुडालेला.
सावळीपाशी इंजिन आपोआप गप्प झालं,
नुसत्या बॅटरीवर, आवाजाशिवाय, गाडी कळपात शिरली.
एका शेळीने नव्या टायरची रबरी लव हुंगली
आणि शिंकली.

रात्री वही काढली.
पुढच्या टाकीचा आकडा पडणार, हे सरांनी सांगूनच ठेवलंय.
"घाबरू नका. तीन हजारांनंतर बघा."
तरी समासात मी आधीच लिहून ठेवलं,
आकड्याची जागा रिकामी सोडून:
"नवे आहेत."

एक जुना टायर मागून आणलाय.
तो गोठ्याच्या कुडाला टेकून उभा.
उद्या मधोमध चिरून त्यात पाणी भरेन,
कालवडीला बादली लाथाडायची सवय आहे.