साडेतीन बाय दोन

लोकांची कार्डं मी एका बैठकीत करते.
दंतवैद्याचं, पेस्ट कंट्रोलवाल्याचं,
धायरीतल्या त्या बाईंचं, ज्या फक्त पुरणपोळ्या करून देतात
आणि ज्यांना कार्डावर पोळीचा फोटो नको होता.
"दिसली की लोक भाव करतात."
माझ्या स्वतःच्या कार्डाला सहा आठवडे झाले
आणि फाईलचं नाव आहे
फायनल, खरंच फायनल, नऊ.

पहिल्यात सगळं होतं.
लोगो, पॅकेजिंग, लग्नपत्रिका, माहितीपत्रकं,
तीन नंबर, दोन ईमेल,
पाहुण्यानं दारात चपला काढता काढताच
सगळी दुखणी सांगून टाकावीत तसं.
दुसऱ्यात काहीच नव्हतं.
नुसतं नाव, पांढऱ्यावर राखाडी, सहा पॉइंटात.
बाबांनी ते हातभर लांब धरलं, मग डोळ्यांशी आणलं,
मग विचारलं,
"छापायचं राहिलंय का?"

बाबा भोसरीच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं.
त्यांच्या लेखी कार्ड म्हणजे पंचिंगचं,
माणूस आला की गेला एवढंच सांगणारं.
कपाटातून त्यांनी व्हर्नियर काढला,
माझा नमुना जबड्यात धरला.
"शून्य दशांश तीन आठ," म्हणाले.
"पातळ आहे. चारच्या वर ने. हाताला कळलं पाहिजे."
एवढा नेमका अभिप्राय
एजन्सीतल्या चार वर्षांत मला कुणी दिला नव्हता.

मग र-चं प्रकरण.
हर्षदा कुऱ्हाडे.
एकाच नावात दोन र, दोघेही अर्धे.
एक डोक्यावर चढून बसलेला,
दुसरा ह-च्या खांद्याला बिलगून.
मला आवडलेला फॉन्ट दुसऱ्यालाही डोक्यावरच चढवत होता.
कुर्हाडे.
दाखल्यावर, पासबुकावर, विजेच्या बिलावर
आडनाव असंच चुकत आलंय,
आणि आम्ही "चालतंय" म्हणत आलोय.
इथे चालणार नव्हतं.
दोन रात्री बसून मी तो र हातानं काढला,
कैरीच्या देठाएवढी एक वळलेली रेघ.
अख्ख्या कार्डावर माझं खरं काम तेवढंच,
आणि ते कुणाच्या लक्षात येऊ नये
यासाठी तिसरी रात्र.

नारायण पेठेत, तांबोळींच्या प्रेसमध्ये
मी म्हटलं, ग्लॉस लॅमिनेशन, दोन्ही बाजूंनी.
ते काही बोलले नाहीत.
कानामागचं बॉलपेन माझ्या हातात दिलं,
कुणाचं तरी गुळगुळीत कार्ड पुढे सरकवलं.
"पाठीवर माझा नंबर लिहा."
पेन घसरलं. शाई अंगठ्याला लागली.
"मागची बाजू कोरी ठेवा. आणि कोरडी.
तुमचं नाव गिऱ्हाईक एकदा वाचतं, मॅडम.
नंतर त्याला स्वतःचं काहीतरी लिहायचं असतं."
मशीनच्या खडखडाटात मला वाटलं, चुकून ऐकलं.
पण लॅमिनेशन रद्द केलं.

दोनशे छापली.
पाचशेचा दर बरा पडत होता,
तेवढ्या ओळखी नव्हत्या.

मार्चात फोन आला.
कात्रजचे भिंताडे, फरसाणचा कारखाना,
पाकिटं नव्यानं करायची होती.
विचारलं, माझा नंबर कुणी दिला?
"कुणी नाही हो. तुमचं कार्ड
चार महिने गल्ल्यात पडून आहे.
मागे तेलाच्या डब्यांचा हिशेब मांडला होता,
म्हणून फेकलं नाही.
आज तो मिटला. टाकून द्यायला काढलं
आणि उलटं झालं."
मग त्यांनी नाव वाचलं, सावकाश,
खात्री करून घेत असल्यासारखं,
हर्षदा, कुऱ्हाडे,
दोन्ही र जागच्या जागी.

रात्री जेवताना बाबांना सगळं सांगितलं.
ताटातला घास तसाच ठेवून
त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं,
आणि विचारलं,
"तेल कुठलं वापरतात?"